कारागिरांसाठी बांधलेली सावली

मंडळी, काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरीच्या पायऱ्यांवर उभं राहिलं की रस्त्यापलीकडे पिवळसर दगडाची एक इमारत दिसते. डेव्हिड ससून ग्रंथालय. बहुतेकजण तिच्या टोकदार कमानींचा फोटो काढतात आणि पुढे जातात. मला आज त्या कमानींच्या मागे जो अंधार दिसतो, त्याबद्दल बोलायचं आहे.

आधी ही इमारत कोणासाठी बांधली ते पाहू. 1847 साली टांकसाळीत आणि सरकारी गोदीत काम करणाऱ्या कारागिरांनी एक संस्था काढली. त्यांनी जमवलं काय, तर यंत्रांच्या प्रतिकृती, इमारतींचे नकाशे आणि पुस्तकं. दिवसभर लोखंडाशी झुंजणारी ही माणसं काम सुटल्यावर नकाशे वाचायला बसत होती. मुंबईच्या वाचनसंस्कृतीचा इतिहास सांगताना आपण या माणसांना फार लवकर विसरतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

1860 च्या दशकात किल्ल्याचे तट पडले, जागा मोकळी झाली आणि शहराच्या मध्यावर ग्रंथालय उभारण्याची कल्पना डेव्हिड ससून यांचे चिरंजीव अल्बर्ट यांनी मांडली. डेव्हिड ससून बगदादहून आलेले ज्यू व्यापारी. त्यांची संपत्ती कापसाची होती, तशीच चीनला जाणाऱ्या अफूचीही होती. देणगीबद्दल बोलताना हे झाकू नये. त्यांनी 60,000 रुपये दिले. एकूण खर्च सव्वा लाखाच्या घरात गेला, उरलेला भार सरकारने उचलला. आराखडा कॅम्पबेल आणि गॉसलिंग यांचा. 1870 साली काम पुरं झालं. ससून मात्र 1864 मध्येच पुण्यात वारले होते. तिथल्या लाल देवळाच्या, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळाच्या, आवारात त्यांची कबर आहे. ग्रंथालयात शिरताना मात्र त्यांचा पुतळा भेटतो.

आता त्या अंधाराकडे येऊ. खाली कमानींची ओळ, वर खोल सज्जा, आणि त्याच्या मागे वाचनदालन. म्हणजे रस्ता आणि वाचक यांच्यामध्ये सावलीचा एक जाड पट्टा आहे. उन्हाची तिरीप थेट पानावर पडत नाही. सज्ज्याच्या फरशीवरून उजळलेला, मवाळ प्रकाश आत येतो. नकाशा वाचणाऱ्याला असाच प्रकाश हवा. पावसाळ्यात सरी सज्ज्यातच अडतात, त्यामुळे आतली दारं-खिडक्या उघड्या ठेवता येतात. मुंबईच्या दमट हवेत कोंदट खोलीतल्या पुस्तकांना बुरशी धरायला वेळ लागत नाही. खेळता वारा हा इथे पुस्तकांचाही आधार आहे. दर्शनी बाजू पूर्वेला असल्यामुळे दुपार कलली की सज्जा पूर्ण सावलीत जातो. मागे बाग आहे, तिथून वारा येतो. सज्ज्यातल्या लांब हातांच्या लाकडी आरामखुर्च्या पाहिल्यात? त्यांत पाय पसरून पुस्तक छातीवर ठेवून झोपलेला सभासद मी कितीदा पाहिला आहे. मला तो या वास्तूचा सर्वांत समजूतदार वाचक वाटतो.

घडणीचा दगड मालाडचा. त्याच रांगेतल्या एल्फिन्स्टन कॉलेजलाही हाच पिवळेपणा आहे, म्हणून रस्त्याची ती बाजू एका हाताने रेखल्यासारखी दिसते. 2018 साली युनेस्कोने मुंबईच्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको समूहाला जागतिक वारशात घेतलं, त्यात ही रांग आहे.

शेवटी छपराबद्दल. मूळ छप्पर उतरतं होतं. पुढे कधीतरी ते काढून वर काँक्रीटचा सपाट स्लॅब टाकला गेला. जुन्या दगडी भिंतींवर नको तो भार आला आणि खालच्या वाचनदालनाची उंची, तिचा डौल, दोन्ही गेलं. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली जीर्णोद्धार झाला तेव्हा तो स्लॅब उतरवून पुन्हा उतरतं छप्पर चढवलं. 2023 मध्ये दालन वाचकांना परत मिळालं. पुढच्या वेळी जाल तेव्हा पुस्तक उघडण्याआधी मान वर करून छताकडे पाहा, आणि मग सज्ज्यात जाऊन बसा. संध्याकाळी पाचनंतर जा.