आवरणे आणि जखडणे

श्रोतेहो, नमस्कार.

बौद्धिक दिव्यांग व्यक्ती अनावर होऊन भिंतीवर डोके आपटू लागली, तर तिला काही क्षण धरून ठेवावे लागते, हे तिची काळजी घेणारा प्रत्येक जण जाणतो. मला बोलायचे आहे ते त्यानंतरच्या वेळेविषयी. धरलेला हात कधी सुटतो आणि धरण्याची वेळ का आली याचा शोध कोण घेतो?

इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळ विंटरबोर्न व्ह्यू नावाचे, बौद्धिक दिव्यांगांसाठीचे 24 खाटांचे खासगी रुग्णालय होते. तेथील कर्मचारी रुग्णांना मारताना आणि जमिनीवर दाबून धरताना मे 2011 मध्ये बीबीसीच्या छुप्या चित्रीकरणातून दिसले. 11 जण दोषी ठरले आणि त्यांपैकी 6 जणांना तुरुंगवास झाला. त्या दृश्यांपेक्षाही मला नंतरच्या चौकशी अहवालातील एक आकडा अधिक अस्वस्थ करतो. 2010 या एका वर्षात तेथे रुग्णांना बळाने आवरल्याच्या 379 घटना नोंदवलेल्या होत्या. रोज सरासरी एकाहून अधिक वेळा नोंद होत होती, तरीही कारभार तसाच चालू राहिला. तेथल्याच एका वरिष्ठ परिचारकाची तक्रार नियामक यंत्रणेपर्यंत गेली, पण तिची दखल घेतली गेली नाही.

आपल्याकडे मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 च्या कलम 97 प्रमाणे, तातडीची इजा टाळण्याचा दुसरा मार्गच नसेल तेव्हा, मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि अत्यावश्यक तेवढाच वेळ रुग्णाला बांधता येते; शिक्षा म्हणून किंवा केवळ कर्मचारी अपुरे आहेत म्हणून बांधता येत नाही. परंतु याच कायद्याच्या व्याख्येनुसार बौद्धिक दिव्यांगत्व हा मानसिक आजार नाही. ही व्याख्या योग्यच आहे. मात्र तिच्यामुळे, मनोविकार नसलेल्या आणि निवासी संस्थेत राहणाऱ्या बौद्धिक दिव्यांगाला हे संरक्षण थेट मिळत नाही. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा क्रूर वागणुकीपासून संरक्षण देतो, पण किती वेळ धरावे आणि नोंद कोणी करावी, इतक्या तपशिलात तो जात नाही.

म्हणून पालकांनो, संस्थेत भेटीला जाल तेव्हा नोंदवही मागा. आपल्या मुलाला कोणी धरले, किती मिनिटे धरले, त्याआधी काय घडले होते, गुंगीचे औषध दिले होते का, हे विचारा. ज्याला बोलून सांगता येत नाही, तो दुखणे अंगानेच सांगतो. तेव्हा त्या दिवशी त्याचा दात, कान किंवा पोट दुखत होते का, हे कोणी तपासले होते, तेही विचारा.