जपलेली पाने

श्रोतेहो, नमस्कार. ग्रंथाचे पावित्र्य त्यातल्या शब्दांपेक्षा लोक तो कसा हाताळतात यावरून अधिक कळते. तोरा या ज्यू धर्मग्रंथाच्या हस्तलिखित गुंडाळीत ३,०४,८०५ अक्षरे असतात आणि त्यातले एकही गळले, तर दुरुस्ती होईपर्यंत ती सभास्थानात, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनागृहात, वाचता येत नाही. शीख १७०८ पासून गुरू ग्रंथ साहिबालाच गुरू मानतात व रात्री त्याला विश्रांतीसाठी नेतात. वेदांच्या घनपाठाविषयी, म्हणजे शब्द उलटसुलट क्रमाने म्हणत पाठ जपण्याच्या पद्धतीविषयी, आणि कुराण मुखोद्गत असणाऱ्या हाफिजांविषयी आपण जाणताच.

मला सांगायची आहे ती गोष्ट जीर्ण पानांची. देवाचे नाव असलेला कागद ज्यू परंपरेत टाकून देत नाहीत. तो ‘गेनिझा’ नावाच्या कोठीत ठेवतात आणि रीतीप्रमाणे पुढे पुरतात. कैरोच्या बेन एझ्रा सभास्थानात मात्र ही कोठी शतकानुशतके नुसतीच भरत राहिली. १८९६ मध्ये ॲग्नेस ल्युईस आणि मार्गारेट गिब्सन या जुळ्या विदुषी बहिणींनी प्रवासात विकत घेतलेली काही पाने केंब्रिजचे हिब्रू पंडित सॉलोमन शेख्टर यांना दाखवली. त्यांतले एक पान बेन सिरा या प्राचीन ज्यू नीतिग्रंथाच्या हिब्रू मूळ पाठाचे निघाले, जो तोवर ग्रीक आणि सिरियाक भाषांतरांतूनच ठाऊक होता. शेख्टर त्याच वर्षाच्या अखेरीस कैरोला गेले, भिंतीत उंचावर असलेल्या तोंडातून शिडीने त्या कोठीत उतरले आणि कित्येक आठवडे धूळ खात पाने निवडत बसले. केंब्रिजला सुमारे १,९०,००० तुकडे आले. त्यांत धर्मग्रंथ होते, तसेच विवाहाचे करार, व्यापाऱ्यांचे हिशेब आणि मुलांनी अक्षरे गिरवलेली पानेही होती, कारण हिब्रू लिपीत लिहिलेला कोणताही कागद फेकायला तिथल्या लोकांचा हात धजत नसे. (पानाचा कोपरा दुमडणाऱ्याला मी आस्तिकही मानत नाही आणि नास्तिकही!)

आता नास्तिकांकडे वळू. त्यांच्याकडे पवित्र ग्रंथ नाही, म्हणजेच जीर्ण पान जपण्याचा नेमही नाही. चार्वाकांचे मूळ सूत्रग्रंथ हरवले. त्यांचे म्हणणे आपल्याला प्रामुख्याने चौदाव्या शतकातल्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’सारख्या, विरोधकांनी लिहिलेल्या ग्रंथांतून कळते. प्रत्यक्ष अनुभवासह ज्ञानाचे प्रत्येक प्रमाण, म्हणजे साधन, खोडून काढणारा जयराशी भट्टाचा ‘तत्त्वोपप्लवसिंह’ तेवढा हाती लागला. त्याची ताडपत्रे १९२६ मध्ये गुजरातेतल्या पाटणला, आगम या आपल्या धर्मग्रंथांना पवित्र मानणाऱ्या जैनांच्या ग्रंथभांडारात, नीट बांधून ठेवलेली सापडली.