भांग कुठल्या बाजूला?

नमस्कार मंडळी. मघाशी ग्रुप फोटो झाला आणि लगेच काही जणांनी फोनमध्ये डोकावून तोंड वाकडं केलं. त्यात मीही होतो. ‘मी असा दिसतो?’ म्हटलं, तर बायको म्हणाली, ‘असेच दिसता की. छान आलाय.’

आम्हा दोघांचंही बरोबर होतं. आरशात माझा भांग डाव्या हाताला दिसतो, फोटोत तो उजवीकडे जातो. तीळ गाल बदलतो. जरा वर चढलेली भुवई भलतीकडेच चढते. गेली कित्येक वर्षं दाढी करताना ज्याच्याशी गाठ पडते, तो हा माणूस नव्हेच! १९७७ साली अमेरिकेत काही विद्यार्थिनींना स्वतःचेच दोन फोटो दाखवले होते, एक सरळ आणि एक आरशासारखा उलटा. त्यांचा कल उलट्याकडे, मैत्रिणींचा सरळकडे. जो चेहरा रोज बघतो, तोच बरा वाटतो.

परक्या चेहऱ्यांचंही तेच. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चार तरुणींना एका वर्गात नुसतं येऊन बसायला सांगितलं होतं. एक पंधरा वेळा आली, एक दहा, एक पाच, चौथी आलीच नाही. कुणाशी बोलायचं नाही, ही अट. शेवटी वर्गाला चौघींचे फोटो दाखवले, तर जी जास्त वेळा आली ती जास्त आकर्षक ठरली. हे वाचल्यावर मला आमच्या लग्नाआधीच्या दोन वर्षांचा नवाच उलगडा झाला, पण तो विषय घरचा आहे.

म्हणजे सगळी सवयच का? तसंही नाही. अगदी तान्ही बाळंसुद्धा, मोठ्यांना जे चेहरे सुंदर वाटतात, त्यांच्याकडे जास्त वेळ बघतात. पण २०१५ साली जुळ्यांच्या शेकडो जोड्या तपासल्या, तेव्हा दिसलं की अमक्याला अमकाच चेहरा का आवडतो, ते रक्तापेक्षा ज्याच्या-त्याच्या अनुभवावर जास्त ठरतं. एकाच घरात वाढलेल्या जुळ्यांचीही आवड जुळेलच असं नाही. कोण भेटलं, कुणी लाड केले, कुणाची धास्ती वाटायची, हे प्रत्येकाचं वेगळं.

असो. फोटोग्राफर पुन्हा बोलावतोय. मी भांग उजवीकडून पाडून येतो.