शेळीचं नाक आणि करडाचा पहिला तास

मंडळी, शेळीनं करडाला ढुशी मारली की वस्तीवर लगेच बोलतात, "हिला मायाच नाही." मला ते पटत नाही. करडू आपलं की परकं, हे पहिले एक-दोन दिवस तरी शेळी मुख्यतः नाकानं ठरवते. त्या नाकापुढं आपण काय काय घोळ घालतो, ते आज बोलू.

व्याल्याबरोबर शेळी करडू चाटायला घेते. अंगावरचं ते चिकट पाणी एरवी तिला नकोसं असतं, विताना मात्र त्याचीच ओढ लागते. चाटता चाटता करडाचा वास डोक्यात बसतो. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या पीटर क्लॉप्फर आणि सहकाऱ्यांनी १९६४ साली हे तपासलं. व्याल्यावर पाच मिनिटं जरी करडू आईजवळ राहिलं, तरी पुढं तासाभराच्या ताटातुटीनंतर ती त्याला जवळ घेते. ती पाच मिनिटंच मिळाली नाहीत, तर बहुतेक शेळ्या त्याला हाकलून लावतात. आणि आपण? करडू पडलं की उचलायचं, गोणपाटानं खसाखसा पुसायचं, उबेला घरात न्यायचं! नाकातोंडातला चिकटा काढा, नाळेला आयोडीन लावा, बस्स. बाकीचं तिला करू द्या.

आपली उस्मानाबादी (जिल्हा धाराशिव झाला, शेळी अजून उस्मानाबादीच आहे) पुष्कळदा जुळी देते. पहिलं चाटून होतंय तोवर दुसरं येतं, आणि पहिलारू शेळी गडबडते. ती दुसऱ्याकडं वळली की पहिलं धडपडत भलत्याच शेळीच्या पायात जातं. तिथं शिंगं बसतात, नाहीतर शेजारची गाभण शेळीच त्याला चाटत बसते. म्हणून विण्याआधीच गोठ्याच्या कोपऱ्यात चार-पाच फुटांची जागा तुराट्यांच्या कुडानं आडवा. पक्की भिंत नको. कुडातून तिला कळप दिसला पाहिजे, नाहीतर दोन-तीन दिवसांनी परतल्यावर मानाच्या जागेसाठी पुन्हा टकरा सुरू.

त्या कोपऱ्यात पिणं नीट बघा. करडू कासेला ढुसण्या देतं, शेपूट भराभरा हलतं, शेळी मान वळवून शेपटीखाली हुंगते. वास पटला की ती थिर उभी राहते. हुंगूनही सरकत असेल, तर आधी कास चाचपा. सड तटतटलेला, गरम असेल तर तिला दुखतंय. प्रत्येक सडाची पहिली धार हातानं काढून द्या, तोंडाशी बसलेला बोळा निघतो. दोन किलोच्या करडाच्या पोटात पहिल्या दिवशी दोनशे मिली तरी चीक जायला हवा, त्यातला पहिला घोट तासाभरात.

चरायला सोडताना करडं डालग्याखाली ठेवतो, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. कोकरू पहिल्यापासून आईमागं पळतं. करडाचा स्वभाव आडोशाला दबून राहण्याचा. खरा गोंधळ संध्याकाळी. सगळी करडं एकदम सोडली की धटिंगण करडं मागच्या पायांमधून परक्या कासेला झोंबतात, कारण मागून आलं की शेळीला हुंगता येत नाही. दोन-तीन शेळ्या आत घ्या, त्यांचीच करडं सोडा, मग पुढच्या. अशक्त करडांचा नंबर पहिला.

पोरकं करडू दुसरीला लावायचं असेल, तर ती विताना तयार राहा. तिचं ताजं पाणी पोरक्याच्या अंगाला, विशेषतः शेपटीला नि पाठीला चोळा आणि तिच्या स्वतःच्या करडाबरोबरच पुढ्यात ठेवा. विऊन दोन दिवस झालेल्या शेळीला फसवणं फार अवघड. तिला दिवसातून चार-पाच वेळा धरून पाजावं लागतं. तरीही ती ऐकत नसेल, तर बाटली घ्या. पण ते करडू घरात पोरांबरोबर वाढवू नका, पाजून झालं की बाकीच्या करडांतच सोडा. माणसांत वाढलेलं करडू पुढं कळपात गेलं की माराला धनी होतं.