खेचरांच्या वाटेवरून : डेलावेअर अँड रॅरिटन कालवा

[दृश्य : बुल्स आयलंडचा झुलता पूल, खाली डेलावेअर नदी]

न्यू जर्सीच्या पश्चिम सीमेवरून वाहणाऱ्या डेलावेअर नदीवरचा हा पादचारी पूल ट्रेंटनच्या रोबलिंग कंपनीने १९४७ साली बांधला. तो ज्या दगडी खांबांवर उभा आहे, ते मात्र एकोणिसाव्या शतकातले आहेत. पुलाच्या न्यू जर्सीकडील टोकाला बुल्स आयलंड आहे आणि इथेच नदीचे पाणी वळवून कालव्यात घेतले जाते. हा २२ मैलांचा पोषक कालवा नदीच्या काठाने ट्रेंटनला उतरतो आणि तिथे मुख्य कालव्याला मिळतो. बॉर्डनटाउन ते न्यू ब्रन्सविक असा ४४ मैलांचा हा मुख्य कालवा फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्क यांच्यातील जलवाहतुकीला समुद्राचा वळसा टाळता यावा म्हणून काढण्यात आला.

[दृश्य : किंग्स्टनजवळचा काठ, पाण्यालगतचे दगड]

खोदकाम १८३० मध्ये सुरू झाले आणि १८३४ मध्ये कालवा वाहतुकीस खुला झाला. ७५ फूट रुंद आणि ७ फूट खोल असा हा चर प्रामुख्याने आयर्लंडहून आलेल्या मजुरांनी कुदळ, फावडे आणि हातगाडीच्या बळावर खणला. या कामात घराण्याचा पैसा घालणारे रॉबर्ट स्टॉकटन यांचे नाव इतिहासात सहज सापडते; खणणाऱ्यांची नावे सापडत नाहीत, आणि या वाटेवरून चालताना हे ध्यानात असलेले बरे. १८३२ च्या कॉलऱ्याच्या साथीत त्यांच्यातील अनेक जण दगावले. काठावर रचलेले हे दगड नीट पाहावेत : पुढे वाफेच्या बोटी आल्या, तेव्हा त्यांच्या लाटांनी माती ढासळू नये म्हणून काठ असे बांधून काढावे लागले.

[दृश्य : किंग्स्टनचे लॉक, लॉकरक्षकाचे घर]

ट्रेंटन हा कालव्याचा माथा असल्याने दोन्ही दिशांना पाणी लॉकच्या पायऱ्यांनी उतरवावे लागे. बोट दगडी भिंतींच्या या अरुंद हौदात शिरली की मागचे दार बंद करीत, झडपा उघडून हौदातील पाणी खालच्या पातळीला आणीत आणि मगच पुढचे दार उघडीत. मूळची लाकडी दारे आज येथे नाहीत.

[दृश्य : ब्लॅकवेल्स मिल्स येथील घर, पुढे ग्रिग्जटाउन]

शिडाच्या बोटींची डोलकाठी अडू नये म्हणून मुख्य कालव्यावरचे पूल बाजूला फिरवता येतील असे केलेले होते. दुरून शिंगाचा आवाज आला की काठावरच्या अशा घरात राहणारा पूलरक्षक बाहेर येई आणि पूल फिरवून वाट मोकळी करी. बोटी ओढणारी खेचरे ज्या पायवाटेने चालत, तिच्यावर आज सायकली धावतात आणि सकाळचे फिरणारे दिसतात. वाटेतल्या मैलाच्या खुणेवर दोन आकडे असतात, एक बॉर्डनटाउनपासूनचे अंतर सांगणारा आणि दुसरा न्यू ब्रन्सविकपासूनचे. दोहोंची बेरीज नेहमी ४४ भरते, ही गंमत मुलांना जरूर दाखवावी. एका बाजूला कालव्याचे संथ पाणी आणि दुसऱ्या बाजूला झाडीआडून वाहणारी मिलस्टोन नदी, यांच्यामधून ही वाट जाते.

[दृश्य : कायाक पाण्यात उतरवताना, गळ टाकून बसलेले लोक]

पेन्सिल्व्हेनियाचा कोळसा हा या कालव्याचा मुख्य माल होता. तो रेल्वेकडे गेला आणि १९३२ च्या हंगामानंतर वाहतूक बंद झाली. १९७४ मध्ये कालव्याला राज्य उद्यानाचा दर्जा मिळाला. पोषक कालव्यालगतचा जुना रेल्वेमार्गही रूळ काढून पायवाट म्हणून या उद्यानात जोडण्यात आला आहे. येथे कायाक, मासेमारी आणि घोडेस्वारी चालते, पोहण्यास मात्र मनाई आहे. मध्य न्यू जर्सीतील सुमारे दहा लाख लोकांच्या नळाला, आणि त्यांत या भागातील कितीतरी मराठी घरे आली, याच कालव्याचे पाणी शुद्ध होऊन जाते.