काळं कुंकू

हा फोटो इंदूरच्या राजवाड्यासमोरचा. आजीच्या ट्रंकेत, तिच्या शालूच्या घडीत सापडला. मागे ना नाव, ना तारीख. कडेला निळसर रुपेरी झाक आली आहे. जुन्या फोटोच्या कागदातली चांदी अशी हळूहळू वर येते.

मागे राजवाड्याची सात मजली देवडी. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. पण तिच्यावरून वर्ष कसं काढणार? ती कितीतरी आधीपासून तिथेच उभी आहे. वर्षाचा पत्ता देतो तो डावीकडचा विजेचा खांब. इंदुरात वीज आली १९०६ मध्ये. फोटो त्यानंतरचाच.

आता या दोघी बघा. नऊवारी लुगडी, डोक्यावरून पदर. लुगडी काळीभोर. घरात ज्यानं पाहिलं तो म्हणाला, "चंद्रकळा नेसल्यात." मलाही तेच वाटायचं. एकदा भिंग घेऊन चेहरा पाहिला, तर कपाळावरचं कुंकूही तितकंच काळं! कुंकू तर लालच असणार. मग उलगडलं. त्या काळच्या फिल्मला निळा रंग चटकन दिसे, लाल जवळजवळ दिसतच नसे. म्हणून आभाळ कोरं पांढरं आणि कुंकू काळं. ही लुगडी चंद्रकळा असतील, तशी लालभडकही असतील. शेजारच्या गृहस्थांची काळी पगडीसुद्धा मला आता लालच दिसते. लाल टिपणारी फिल्म सर्रास मिळू लागली ती १९२०-३० च्या दशकांत. तेव्हा फोटो बहुधा त्याआधीचा.

दुकानाची पाटी टांग्याच्या टपाआड गेली आहे. उरलंय फक्त "ळकर". होळकर असेल, दुसरं कुणी असेल. पण तो ळ बघा, किती ठसठशीत काढलाय! हिंदीच्या वर्णमालेत ळ नाही, आज याच चौकात आपण 'होलकर' वाचतो. माझ्या शाळेच्या दाखल्यावर आमच्या आडनावातला ळ कायमचा ल झाला. त्यामुळे या पाटीपाशी माझं बोट थांबतंच.

टांग्याचं चाक फिरतंय, त्याचे आरे धुरकट झालेत. बाकी सगळे कॅमेऱ्याकडे बघत स्तब्ध. त्या दोघींपैकी एकीचा पदर धरून एक पोर उभं आहे. चेहरा स्वच्छ आलाय, नजर थेट आपल्याकडे. मोकळा हात मात्र हललाय, तिथे नुसता पांढरा फराटा उमटलाय.