सत्य आणि सिद्धता

एखादं विधान खरं असणं आणि ते सिद्ध करता येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे गणिताला कळलं ते विसाव्या शतकात.

१९०२ मध्ये जर्मन गणिती गॉटलोब फ्रेगे यांच्या ग्रंथाचा दुसरा खंड छपाईत होता. निव्वळ तर्काच्या नियमांतून सगळं अंकगणित उभं करायचं, हा त्यांचा ध्यास. तेवढ्यात ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांचं पत्र आलं. जे संच स्वतःचेच घटक नसतात, अशा सगळ्या संचांचा एक संच केला, तर तो स्वतःचा घटक असेल का? 'हो' म्हणावं तर 'नाही' निघतं, 'नाही' म्हणावं तर 'हो'. फ्रेगेंनी ग्रंथाला परिशिष्ट जोडून हा तडा मान्य केला. त्यांचा हा प्रांजळपणा त्यांच्या गणिताइतकाच मोठा वाटतो.

१९०८ मध्ये गणिती झर्मेलो यांनी संचांना गृहीतकांची, म्हणजे सिद्धतेशिवाय मान्य केलेल्या मूळ विधानांची, शिस्त लावली. पण या गृहीतकांतूनही उद्या विसंगती निघणार नाही कशावरून? ती निघणार नाही याची सिद्धताच जर्मन गणिती डाव्हिड हिल्बर्ट यांना हवी होती.

१९३१ मध्ये पंचविशीतल्या कुर्ट गोडेल यांचा निबंध आला. ठरावीक गृहीतकं आणि तर्काचे नियम मिळून अंकगणिताची एक पद्धत बनते. त्यांनी तिच्यातल्या प्रत्येक चिन्हाला, विधानाला, अख्ख्या सिद्धतेलाही एकेक संख्या दिली. मग 'ही त्या विधानाची सिद्धता आहे' हे म्हणणंसुद्धा दोन संख्यांमधलं नातं झालं. संख्यांविषयी बोलता बोलता अंकगणित स्वतःच्याच सिद्धतांविषयी बोलू लागलं! त्यातून गोडेलनी एक विधान घडवलं. त्याचा अर्थ: 'मला या पद्धतीत सिद्धता नाही.' पद्धत सुसंगत असेल, तर ते सिद्ध होऊच शकत नाही; म्हणजे ते म्हणतं ते खरंच आहे. त्यालाच नवं गृहीतक केलं, तर वाढलेल्या पद्धतीत तसंच दुसरं विधान तयार होतं. शिवाय, अशी सुसंगत पद्धत स्वतःची सुसंगतता स्वतःच्या बळावर सिद्ध करू शकत नाही.

यावरून गणितच डळमळीत ठरतं, असं सर्रास सांगितलं जातं. ते चूक आहे. गोडेलचं प्रमेय स्वतःच काटेकोरपणे सिद्ध झालेलं आहे.

आणि हा प्रश्न अशा मुद्दाम घडवलेल्या विधानांपुरता उरला नाही. नैसर्गिक संख्यांचं अनंत आणि वास्तव संख्यांचं त्याहून मोठं अनंत, यांच्यामध्ये आणखी एखादं अनंत आहे का? संचांचा सिद्धांत मांडणाऱ्या कँटरचा हा प्रश्न हिल्बर्टनी १९०० मध्ये न सुटलेल्या प्रश्नांच्या आपल्या यादीत पहिला ठेवला होता. संचांची प्रचलित गृहीतकं सुसंगत असतील, तर त्यांतून 'नाही' हे उत्तर खोडता येत नाही, हे गोडेलनी दाखवलं. ते सिद्धही करता येत नाही, हे १९६३ मध्ये पॉल कोहेन यांनी. काही गणिती त्यासाठी आजही नवी गृहीतकं शोधत आहेत. काहींच्या मते या प्रश्नाला एकच एक उत्तर नाहीच.